पावसाळ्यात रायफलचा झिरो हलतोय? नवीन बॅरलचे पैसे भरण्याआधी हे बघा

दरवर्षी गोव्यात चवथ जवळ आली की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते, झिरो हलला, म्हणजे नेम धरतो तिथे गोळी लागत नाही. मे महिन्यात रायफल सरळ दहात मारत होती, जुलै-ऑगस्टात तीच रायफल, तीच गोळी, तोच माणूस आणि शॉट सगळे आठात नाहीतर सातात, तेही एकाच बाजूला दाटीवाटीनं. मग स्कोपचे, म्हणजे वरच्या दुर्बिणीचे, पाच-सहा क्लिक फिरवायचे, परत मध्ये आलं की खूश. जानेवारीत हवा कोरडी झाली की उलट्या बाजूला पाच-सहा क्लिक. असे दोन पावसाळे गेले की माणसाचा निकाल ठरलेला, बॅरल (नळी) गेली, आता नवीन मॅच बॅरल बसवूया, स्कोप पण बदलूया, नाहीतर अख्खी रायफलच कस्टम करून घेऊया. मग कोटेशन येतं, त्यात बेडिंग, पिलर, फ्री फ्लोट, कॉन्टूर, ट्विस्ट, हेडस्पेस असले शब्द, आणि ते घेऊन माणूस विचारत येतो की बाबा यातलं काय काय घेऊ.

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच, यातलं सध्या काही नको, आधी लाकूड आणि स्क्रू बघ. आपल्या हवेत झिरो हलण्याचं मूळ बॅरलमध्ये क्वचित असतं. बॅरल हे रायफलमधलं सगळ्यात महाग आणि सगळ्यात निरपराध पार्ट आहे असं म्हटलं तरी चालेल, पण लोकांचा राग आधी तिच्यावरच निघतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचं एकदाच सांगतो, मग परत नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, सत्तरीत गव्यानं केळी तुडवली किंवा सांग्यात डुकरांनी ऊस लोळवला तरी पीक राखायच्या परवान्याचा अर्थ शिकारीचा परवाना असा होत नाही. त्यामुळे इथे 'हंटिंग रायफल' म्हणतोय ती बांधणीच्या अर्थानं, म्हणजे लाकडी स्टॉक (मागचा दस्ता आणि नळीखालचा भाग), मध्यम बॅरल, वर स्कोप, आणि वापर टार्गेटवर. दुसरं, बॅरल, बोल्ट (मागे-पुढे सरकून नळी मागून बंद करतो तो दांडा), ॲक्शन (रायफलचा लोखंडी गाभा), ट्रिगर यांचं काम फक्त परवानाधारक गनस्मिथकडे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा परवाना लागतो, आणि नळी आखूड करणं हा कलम ६ खाली वेगळा विषय आहे. खाली ज्या तपासण्या सांगतोय त्या सगळ्या बघण्याच्या आणि स्क्रू सैल-घट्ट करण्याच्या आहेत, कापाकापीच्या नाहीत.

ग्रुप सरकलाय की फुटलाय?

हे आधी ठरवा, कारण दोन्हीचे रोग वेगळे. वाळूच्या बॅगवर रायफल ठेवून ५० मीटरवर पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारा, प्रत्येक ग्रुप वेगळ्या कागदावर, आणि मध्ये क्लिकना हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम कोणी पाळत नाही, दुसऱ्या ग्रुपलाच बोट टरेटवर, म्हणजे क्लिकच्या बटणावर, जातं.

ग्रुपचा आकार नेहमीसारखाच आहे पण अख्खा ग्रुप दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला गेलाय, तर तो सरकलेला झिरो. ५० मीटरवर एक एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण १४.५ मिलिमीटर, पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे ३.६ मिलिमीटर, त्यामुळे पाच-सहा क्लिकचा हिशोब साधारण जुळतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे दोन सेंटीमीटरनं गेलात की थेट आठात.

ग्रुपच मोठा झालाय तर नीट बघा कसा मोठा झालाय. एकाच कागदावर दोन वेगळे पुंजके, दोन इकडे तीन तिकडे, असं असेल तर काहीतरी दोन जागांमध्ये सरकतंय, स्कोप रिंगमध्ये (ज्या कड्यांत तो बसतो) नाहीतर ॲक्शन स्टॉकमध्ये. उभी रांग लागत असेल तर फोरएंड (नळीखालचा स्टॉकचा पुढचा भाग) कुठेतरी नळीला टेकतोय किंवा गोळ्यांचा वेग कमीजास्त होतोय. आणि बॅरल तापत जाते तसा ग्रुप एकाच दिशेला चालत जात असेल तर बहुतेक कुठेतरी लाकूड लागतंय. तेल लावून ठेवलेल्या नळीतला पहिला शॉट वेगळा जाणं हे मात्र नॉर्मल आहे, त्याला मोजू नका.

पॉइंट टू टूची (.२२ कॅलिबरची) गोळी वापरत असाल तर डब्यावरचा लॉट नंबर पण बघा. ब्रँड तोच असला तरी लॉट बदलला की ग्रुपची जागा आणि आकार दोन्ही बदलू शकतात, आणि मे महिन्यातला डबा संपून जुलैत नवीन उघडला असेल तर सगळा दोष पावसावर जातो आणि लाकूड उगाच बदनाम होतं. जुन्या लॉटचे थोडे राऊंड राखून ठेवत जा, तुलनेला उपयोगी पडतात.

लाकूड नक्की काय करतं

घराचं सागवानी दार आषाढात चौकटीत अडकतं आणि शिगम्याला सुटतं, स्टॉकचं तसंच, फक्त इथे अडकतं ते लोखंडाशी. हवेत आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण १२ टक्के ओल राहते, तीच हवा महिनोन्महिने ९० टक्क्यांवर राहिली तर लाकडातली ओल २० टक्क्यांकडे जाते. वरून पॉलिश असलं तरी, फक्त वेळ जास्त लागतो.

अक्रोडाचं लाकूड, आणि बरेचसे चांगले स्टॉक त्याचेच असतात, आडव्या दिशेला दर एक टक्का ओलीमागे साधारण पाव टक्का फुगतं. लांबीला जवळजवळ फुगतच नाही. आता ॲक्शन आणि खालची ट्रिगर गार्डची पट्टी यांच्यामध्ये समजा २५ मिलिमीटर लाकूड आहे आणि ओल सहा टक्क्यांनी वाढली, तर ते लाकूड ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाड व्हायला बघतं. ॲक्शन स्क्रूचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कोणी पाना हातात न घेताच स्क्रू एक तृतीयांश फेरा आवळला गेला असं धरा. स्टील काही ताणलं जात नाही, मग दबतात ते लाकडाचे धागे. आणि एकदा दबलेले धागे हिवाळ्यात परत वर येत नाहीत. जानेवारीत लाकूड सुकून बारीक होतं, स्क्रू सैल होतो, मालक म्हणतो अरे स्क्रू सैल झालाय आणि जोर लावून आवळतो, पुढच्या जुलैत आणखी चेपलं जातं. हे चक्र चार-पाच वर्षं चाललं की ॲक्शनच्या खाली लाकडात चकचकीत, काळपट, दबलेला ठसा दिसायला लागतो. तो ठसा दिसला की समजायचं झिरो कुठे चाललाय ते.

दुसरं काम फोरएंडचं. लोक म्हणतात फोरएंड फुगून बॅरलला लागला. तसं नसतं. फोरएंडच्या भिंती फुगून गॅप जाण्याइतक्या जाड नसतातच, तो वाकतो. बाहेरच्या बाजूनं चार हात पॉलिश दिलेलं असतं आणि आतली बॅरलची खाच कोरडी ठणठणीत सोडलेली असते, मागे रबर पॅडच्या खाली पण तसंच उघडं लाकूड. ओल आतल्या बाजूनं शिरते, बाहेरच्या बाजूनं नाही, दोन्हीकडचं फुगणं वेगळं, त्यात लाकडाचे रेषे तिरके असले तर फोरएंड वर किंवा बाजूला वळतो आणि नळीला एका ठिकाणी ढकलतो. ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला बहुतेक वेळा ग्रुप जातो. म्हणून जुलैतला ग्रुप दरवर्षी साधारण त्याच कोपऱ्यात सापडतो, आणि हीच खूण आहे की हे लाकडाचं काम आहे, स्कोपचं नाही. बिघडलेला स्कोप असा पंचांग बघून बिघडत नाही.

तपासणी, ह्याच क्रमानं

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, डोळ्यानं बघा आणि बोट घालून बघा चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे. गोळ्या दुसऱ्या खोलीत.

पहिलं काम स्क्रू. स्कोपच्या बेसचे, रिंगचे, आणि खालचे ॲक्शन स्क्रू. प्रत्येकाच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. घरात कोणाचं तरी असतंच. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, वाद नाही. अंदाजानं आवळू नका, टॉर्क ड्रायव्हर घ्या. रिंगच्या स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर पुरतं, त्याच्या वर गेलात तर स्कोपची नळी चेपते. पिलर नसलेल्या नुसत्या लाकडाला ॲक्शन स्क्रू ४ ते ४.५, आणि ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवतीची नळकांडी) किंवा चॅसी (लाकडाऐवजी धातूचा सांगाडा) असेल तर ७ च्या आसपास, पण बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. आधी पुढचा स्क्रू मग मागचा, आणि हा क्रम दरवेळी तोच ठेवा.

मग नोटेची चाचणी. दहाची नोट घडी करून फोरएंड आणि बॅरलच्या मधून घाला आणि मागे ॲक्शनपर्यंत सरकवत न्या. कुठेही अडली तर तिथे लागतंय. हे सगळ्यांना माहीत असतं, पण लोक ही चाचणी रायफल हातात उभी धरून करतात आणि पास झाली म्हणतात. बॅगवर ठेवून करा, बायपॉड वापरत असाल तर बायपॉडवर थोडं पुढे दाबून करा, स्लिंग ताणून मारत असाल तर स्लिंग ताणून करा. स्वस्त प्लॅस्टिक स्टॉकचा फोरएंड हातानं दाबला तरी नळीला टेकतो, मी बघितलंय. आणि चाचणी फेब्रुवारीत करून उपयोग नाही, जुलैत करा. नोट जाते म्हणजे झालं असंही नाही, आपल्या हवेला दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी, सुंदर दिसणारी कागदासारखी बारीक फट कॅटलॉगच्या फोटोत ठीक.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते कारण त्यात लपवायला जागा नाही. रायफल नळी वर करून उभी धरा, दुसऱ्या कोणाला मदतीला घ्या. एका हाताचं बोट असं ठेवा की अर्धं फोरएंडच्या टोकावर आणि अर्धं बॅरलवर येईल. आता मदतनीसानं पुढचा ॲक्शन स्क्रू हळूहळू सैल करायचा, मग परत आवळायचा. बेडिंग (स्टॉकमध्ये ॲक्शनची बैठक) चांगलं असेल तर बोटाखाली काही जाणवत नाही. वाईट असेल तर बॅरल आणि लाकूड एकमेकांपासून सरकताना स्पष्ट कळतं, स्क्रू सोडला की नळी जणू श्वास सोडते. आकडा हवा असेल तर लेथवाल्याकडे डायल गेज असतो, मॅग्नेटिक स्टँडनं लावा, ०.०५ मिलिमीटरच्या आत काटा हलला तर सोडून द्या, ०.१ च्या वर गेला तर ॲक्शन वाकवून बसवली जातेय आणि तुम्ही कितीही क्लिक फिरवा, ती रोज वेगळी बसणार.

हे तिन्ही स्वच्छ निघालं तरच स्कोपवर या. ज्याचा भरवसा आहे असा दुसरा स्कोप लावून परत चार ग्रुप. नाहीतर चौकोन मारा, म्हणजे वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडला पाहिजे. आतून धुकं धरत असेल तर सील गेलं, आपल्याकडे तो स्कोप संपला समजा. नळीच्या तोंडाची कड, ज्याला क्राऊन म्हणतात, भिंगानं बघा, साफ करायच्या रॉडनं तिथे ओरखडे पडलेले असतात. एवढं करून काही सापडलं नाही तर मग बॅरल.

एअर रायफलवाल्यांनो, तुमचं वेगळं. मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलचे फोरएंडचे स्क्रू सैल होतातच, तो तिचा स्वभाव आहे, आणि ती पुढे-मागे दोन्हीकडे धक्का देते म्हणून साधा स्कोप तिच्यावर टिकत नाही. आधी ते दोन स्क्रू बघा, ८० टक्के बोलणं तिथेच थांबेल, आकडा मनातला आहे.

आणि ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची .३१५ आहे त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. इशापूरची .३१५ ही ली-एन्फिल्ड घराण्यातली, तिचा स्टॉक दोन तुकड्यांचा, मागचा दस्ता वेगळा आणि पुढचा फोरएंड वेगळा. फोरएंडची मागची टोकं ॲक्शनला घट्ट टेकून असावी लागतात, तिथलं लाकूड चेपलं की रायफल भटकते. फ्री फ्लोटचं, म्हणजे नळी लाकडाला न टेकता मोकळी ठेवण्याचं, वाचून कोणी तिच्या फोरएंडमध्ये घासकाम करायला बसू नये.

मग दुरुस्ती काय

सगळ्यात स्वस्त उपाय आधी, आतून सील करा. स्टॉक पूर्ण सुकलेला असताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, ॲक्शन काढून खाच, स्क्रूची भोकं, रबर पॅडखालचं लाकूड, सगळीकडे पॉलियुरेथिन नाहीतर पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात. जवसाच्या तेलावर लोकांची फार श्रद्धा आहे, दिसतं पण छान, पण बाष्प अडवायच्या कामात ते जवळजवळ शून्य. पावसात सील करू नका, ओल आत कोंडून बसेल.

गॅप कमी असेल तर खाच मोठी करायची. एकानं हेच काम ओळखीच्या मेस्ताला (सुताराला) दिलं, मेस्त हाताचा पक्का, गणपतीवरची माटोळी काय देव्हारे काय, पण त्यानं फोरएंडबरोबर ॲक्शनखालचं लाकूड पण प्रेमानं गुळगुळीत करून दिलं, आणि ॲक्शन डोलायला लागली. जिथे नळी आहे तिथे जागा हवी, जिथे ॲक्शन आहे तिथे जराही नको, हे समजलेल्या माणसाकडेच द्या.

स्क्रूवाली चाचणी नापास असेल तर पिलर आणि बेडिंग. पिलर म्हणजे ॲक्शन स्क्रूच्या भोवती बसवलेली ॲल्युमिनियमची नळकांडी, स्क्रूचा दाब मग लाकडावर न येता धातूवर येतो, वर सांगितलेलं चेपण्याचं चक्रच बंद. बेडिंग म्हणजे ॲक्शन आणि स्टॉकच्या मध्ये इपॉक्सीचा थर असा भरायचा की ॲक्शनचा ठसा तंतोतंत उमटतो आणि ती प्रत्येक वेळी एकाच जागी बसते. त्यात रिकॉइल लगला, म्हणजे ॲक्शनच्या पुढचा जो दात मागचा धक्का स्टॉकमध्ये देतो त्याला, मागून पूर्ण टेका मिळाला पाहिजे, आणि पुढून-बाजूनं-खालून थोडी जागा. रिलीझ एजंट लावायला विसरलात तर ॲक्शन कायमची चिकटते, म्हणून हे काम पण गनस्मिथकडेच बरं. नुसतं बेडिंग आणि पिलर नाहीत असं कोटेशन आलं तर आपल्या हवेसाठी मी पिलर मागून घेईन, पैसे थोडेच वाढतात.

तरी कस्टमच करायची असेल

माझा मावसभाऊ न्यूझीलंडला असतो, तिकडे लाल हरीण, ताहर हे सगळे बाहेरून आणून सोडलेले प्राणी, परवाना काढून त्यांची शिकार कायदेशीर आहे. गेल्या वर्षी त्यानं रायफल बांधायला घेतली आणि एकेक कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवत राहिला. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस आपल्यासारखा, जागोजागी आपल्याहून जास्त, वर्षभर, त्यामुळे त्याचा आणि आपला प्रश्न एकच निघाला. त्याची यादी उलट्या क्रमानं होती, आधी कॅलिबर, मग बॅरल, मग स्कोप, आणि स्टॉक शेवटी उरलेल्या पैशात, तो पण अक्रोडाचाच हवा कारण दिसतो. मी म्हटलं उलटं कर.

त्याचा पहिला घोळ ॲक्शनचा. ॲक्शन म्हणजे रिसीव्हर आणि बोल्ट मिळून, रायफलचा गाभा. शॉर्ट ॲक्शन, लाँग ॲक्शन हे काडतुसाच्या लांबीवरून, नळीच्या नाही. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर साधारण ७१ मिलिमीटरच्या आसपास, शॉर्टमध्ये बसतात. .३०-०६ ही ८५ मिलिमीटरपर्यंत जाते, तिला लाँग लागते. त्यानं घेतलेली ॲक्शन शॉर्ट आणि सेलमध्ये बघून ठेवलेला स्टॉक लाँगचा, स्क्रूची भोकंच जुळली नसती. म्हणून कोटेशनमध्ये 'फुटप्रिंट' दिसला की तो नीट वाचायचा, ॲक्शनचा खालचा आकार आणि स्क्रूमधलं अंतर कुठल्या घराण्याचं आहे ते. रेमिंग्टन ७०० चा फुटप्रिंट १९६२ पासून इतका पसरलाय की स्टॉक, ट्रिगर, बेस सगळं त्याच मापात मिळतं, म्हणून बऱ्याच कस्टम ॲक्शन पण तोच धरतात. नवशिक्यानं यातून बाहेर जाऊ नये असं माझं मत.

'ट्रूइंग' किंवा 'ब्लूप्रिंटिंग' म्हणून एक मोठी रक्कम असते. जुन्या फॅक्टरी ॲक्शनचा पुढचा चेहरा, आटे, बोल्टचे लग सगळं एका रेषेत आणायचं काम. फॅक्टरी ॲक्शनला त्याचा उपयोग आहे, पण नवीन कस्टम ॲक्शन मशीनवरून सरळच येते, तिच्यासाठी पण ही रक्कम लावली असेल तर विचारा कशाबद्दल. भावानं विचारलं, कोटेशनमधून ती ओळ गुपचूप गेली.

हेडस्पेस हा निवडीचा विषय नाही, सुरक्षेचा आहे. बंद बोल्टचा चेहरा आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा यांच्यातलं अंतर, गो आणि नो-गो गेजनं तपासतात, गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर नाही. कोणीही दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसतोय म्हणून लावून मारू नका, बसणं आणि हेडस्पेस बरोबर असणं वेगळं.

ट्विस्ट म्हणजे नळीतला पीळ किती इंचात एक फेरा घेतो. पॉइंट टू टूला १६ इंचात एक, ६.५ क्रीडमूरला साधारण ८ इंचात एक. गोळी जितकी लांब तितका पीळ जवळचा. कोणती गोळी मारणार हे आधी ठरवा, ट्विस्ट आपोआप ठरतो, त्याच्यावर रात्री जागवू नका. कॉन्टूर म्हणजे नळीची बाहेरची जाडी. बारीक स्पोर्टर नळी डोंगरात वाहायला बरी, पण तीन-चार शॉटमध्ये तापते, जाड व्हार्मिंट नळी तासभर टार्गेट मारायला. भाऊ दिवसभर चढणार आणि दोन शॉट मारणार, त्याला बारीक. आपण रेंजवर पडून साठ मारणार, आपल्याला जाड, इथे कॅटलॉगमधली हंटिंग रायफल बघून बारीक नळी मागणं म्हणजे उगाच त्रास. स्टीलमध्ये ४१४० क्रोममोली आणि ४१६ आर स्टेनलेस, अचूकतेत मला फरक सांगता येणार नाही, पण खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेस उशिरा गंजतं. उशिरा, कधीच नाही असं नव्हे.

नळीच्या तोंडाला आटे पाडून सप्रेसर लावणं तिकडे सर्रास चालतं. इकडे तो विषय काढूसुद्धा नका, आवाज कमी करणारी वस्तू आपल्या कायद्यात फायरआर्मच्या व्याख्येतच येते.

राहिला स्टॉक, ज्यावर मी खरा भांडलो. इंजेक्शन मोल्डेड प्लॅस्टिक ओलीला मानत नाही पण फोरएंड लवचिक. फायबरग्लास किंवा कार्बन हलका, ताठ, ओल घेत नाही, महाग. ॲल्युमिनियम चॅसी टार्गेटला उत्तम, खांद्यावर घेऊन डोंगर चढायला नको वाटते. लॅमिनेट म्हणजे पातळ लाकडी पदर इपॉक्सीत चिकटवलेले, वजनाला अक्रोडापेक्षा जड, थोडं फुगतं पण वाकत नाही कारण वाकायची ताकद पदरापदरात वाटली जाते, कापलेली टोकं मात्र सील करावी लागतात. आपल्या रेंजवाल्याला, ज्याला लाकडाचाच हात लागतो आणि वजनाचं भय नाही, त्याला मी डोळे झाकून पिलर बसवलेलं लॅमिनेट सांगेन. भावानं शेवटी फायबरग्लास घेतला आणि अक्रोडाचे पैसे स्कोपच्या रिंगमध्ये घातले.

माप पण घ्या. लेंथ ऑफ पुल, म्हणजे ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत, बहुतेक कॅटलॉगमध्ये साडेतेरा इंचाच्या आसपास, ती बाहेरच्या उंच माणसाला थंडीच्या जॅकेटसकट बरी. आपल्या अंगकाठीला पुष्कळदा लांब पडते, मान पुढे ताणावी लागते, गाल दरवेळी वेगळ्या जागी टेकतो आणि तो पण झिरो हलल्यासारखाच दिसतो. रबर पॅडखालचे स्पेसर काढून-घालून बघा, फुकट आहे.

आणि इकडे खरेदीचा विचार असेल तर हे धरून चाला की २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे जुनी राहूदे आणि वर एक कस्टम असं सहज होत नाही. असलेल्या रायफलचा स्टॉक आणि बेडिंग सुधारणं म्हणून पण शहाणपणाचं पडतं.

ठेवायची कशी

फोमच्या बंद केसमध्ये पावसाळाभर ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो, नळीवर केसच्या आकाराचा गंज उमटतो. कुलपाच्या कपाटात उभी, भिंतीला चिकटून नाही, आणि आत आर्द्रतेचं छोटं मीटर. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते संपलं, १२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवलं की परत निळं होतं, पण खायच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. कपाटात ५५-६० टक्क्यांवर ठेवता आलं तर लाकूड जुलैतही फेब्रुवारीसारखं वागतं. पावसात रेंजवरून आलात तर रायफल लगेच बंद करू नका, पंख्याखाली रात्रभर, मग पुसून तेल, मग कपाट.

निवडणुकीत चौकीवर जमा करायला लागली तर तिकडे ती कुठल्या कोपऱ्यात उभी राहील ते आपल्या हातात नसतं. देताना नळीत आणि बाहेर तेलाचा जाड हात द्या, पावतीवर नंबर ताडून घ्या, परत आणल्यावर आठवडाभर कोरड्या कपाटात राहू द्या, मग नेलपॉलिशच्या रेघा बघा, नोट फिरवा, नळीतलं तेल पुसून काढा, आणि पहिले पाच शॉट नुसते मारून सोडून द्या, टरेटला हात न लावता.